तडकलेला गिअर

मीटरगेजच्या जुन्या डिझेल इंजिनाच्या आठ प्रती आम्ही शौकिनांसाठी बनवल्या होत्या. एकेक इंजिन वीतभर लांब. वरचं कवच माझी बायको रबरी साच्यात रेझिन ओतून काढायची. खालची चाकं, मोटर, गिअर हे माझं काम. पेपर मिलमधली फिटरची नोकरी संपल्यावर सिंधीपुऱ्यातल्या घरी मी हे हौसेनं सुरू केलं, आणि तिनं त्याला शिस्त लावली.

सात इंजिनं रवाना झाली, आठवं घरी ठेवलं. एका दुपारी ते टेबलावर फिरत होतं. ब्रश धुता धुता ती थांबली.

"अहो, याचा आवाज बदलला."

मला काही ऐकू आलं नाही. मिलच्या मशीनींनी माझे कान अर्धे नेलेत. भिंगातून पाहिलं, तर ॲक्सलवरच्या प्लास्टिकच्या गिअरला केसाएवढी चीर. सुटू नये म्हणून मी त्याचं भोक फारच घट्ट ठेवलं होतं. सगळ्यांतच.

"बाकीच्यांचं काय?" तिनं विचारलं.

"चालतायत तोवर..."

"सोचत काय बसलात? फोन लावा."

सहा जणांना सांगितलं. एकानं बरंच सुनावलं. सातवे भुसावळचे निवृत्त ड्रायव्हर. नोकरीत त्यांनी हेच इंजिन चालवलेलं. ते फोन उचलेनात. दुसऱ्या दिवशी जुन्या सोबत्यांच्या मेळाव्यात ते आमचं इंजिन चालवून दाखवणार होते, हे त्यांनी मागवतानाच सांगितलं होतं. मी संध्याकाळी चार नवे गिअर करून डबीत भरले आणि सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं निघालो.

पोचलो तेव्हा हॉल भरलेला होता आणि इंजिन सहा डबे ओढत फिरत होतं. बायकोनं माझं कोपर घट्ट धरलं.

"येतोय आवाज. टकटक."

मी पुढं झालो. "साहेब, थांबवा."

"का?"

"माझी चूक झालीय."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहत बटण सावकाश मागं फिरवलं. मी इंजिन उलटं केलं, खालची पट्टी काढली. गिअर दोन तुकडे होऊन तळहातावर पडला.

"माहीत असून पाठवलंत?"

"नाही. काल कळलं."

"मग बसा. आधी हे उभं करा, चहा नंतर."

वीस-पंचवीस जण बघत असताना स्क्रू बोटांतून दोनदा निसटला. बायकोनं कवच धरलं होतं. शेवटी इंजिन चाललं. ड्रायव्हर कौतुकाचा शब्द बोलले नाहीत. रुळाशी वाकून दहा फेऱ्या बघितल्या, मग स्वतः चहाचे दोन कप आणून आमच्यापुढं ठेवले.

उरलेली सहा इंजिनं महिनाभरात कुरिअरनं परत आली. चारांचे गिअर तडकलेले निघाले. बाकीच्या दोन्हींचे धड होते. तेही मी काढून टाकले.