टीबी न्हाई

आमच्या बोरीत तेव्हा टीबी हा शब्द कुणी तोंडानं उच्चारत नव्हतं. 'तसला आजार' म्हणायचे, तेही आवाज उतरवून. आबा, म्हणजे माझे वडील, गावात शिवणकाम करायचे. पावसाळ्यात त्यांना खोकला लागला तो हटेना. वजन उतरलं, आवाज बसला, आणि एक दिवस खोकता खोकता शिवायला घेतलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताचा थेंब पडला. सदरा ज्याचा, तो माणूस समोरच उभा. झालं, मग काय! दोन दिवसांत गावभर बोभाटा.

बाया एकेक करून यायच्या आणि "घाई न्हाई, पुढच्या महिन्यात शिवू" म्हणत आपलं कापड गुंडाळून न्यायच्या. मी गावच्या शाळेत मास्तरीण होते आणि माझ्या जिभेला काही हाड नव्हतं. एकीला मी सरळ म्हटलं, "न्या न्या, कापडाला खोकला लागला असंल." मायनं मला दंडाला धरून आत ओढलं. तिला रोगापेक्षा रोगाच्या नावाचीच धास्ती. "काहीबी निघू दे, पण ते नको," असं दिवसभर पुटपुटायची. मीही मनात तेच घोकत होते, खोटं कशाला सांगू?

गावातल्या डॉक्टरांनी टीबीच धरून इंजेक्शनं सुरू केली. कंबरेची चाळण झाली, पण उतार नाही. उलट उजवा खांदा ठणकायला लागला. आबांची आणखी एक तक्रार असायची. शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान आता बोटात जातच नाही म्हणायचे. माय त्यावर हसायची, "अंगावर मास न्हाई आन् बोटं तेवढी बाळसं धरायलीत!"

शेवटी परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला, सकाळचा बेडका डबीत घालून तीनदा तपासायला दिला. रिपोर्ट मिळायचा त्याच दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद, एसट्या जागच्या जागी. जीव नुसता टांगणीला लागला. आबा ओसरीवर तोंडाला उपरणं दाबून बसले, खोकला शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. मला ते बघवत नव्हतं.

बंद उठला तशी आम्ही दोघांनी परभणी गाठली. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरून बघितला आणि मग आबांचा हात मागितला. छातीचं दुखणं आणि हा बोटं काय बघतो, असं मला झालं. बोटांची टोकं फुगून गोल झाली होती, नखं खाली वळली होती.

"हे कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"झाले की चार-दोन महिने. साहेब, टीबी हाय का तेवढं सांगा."

"टीबी नाही. तिन्ही वेळा बेडक्यात जंतू सापडले नाहीत."

आबांनी डॉक्टरांचे पायच धरले. बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले आणि त्यांना रडू फुटलं, ते मला आत ऐकू येत होतं. डॉक्टरांनी मला थांबवून घेतलं.

"टीबी असता तर बरं झालं असतं, बाई. त्याला औषध आहे. फुप्फुसात गाठ दिसते आहे, बोटंही त्यामुळंच अशी फुगलेली दिसतात, आणि मला कॅन्सरची शंका येते. औरंगाबादला नेऊन तुकडा तपासावा लागेल. उशीर करू नका."

त्या डॉक्टरांचा मला भयंकर राग आला. त्या भल्या माणसानं काय वाईट केलं होतं? पण आला.

आबांनी स्टँडवर पेढे घेतले. बोरीत उतरले ते घरोघर वाटतच निघाले, "टीबी न्हाई! परभणीच्या डाक्टरनं सांगितलं!" मी पिशवी धरून त्यांच्या मागं मागं. दिवस मावळायच्या आत दोघी-तिघी कापडं घेऊन परत आल्या. आबांनी मशीनला तेल दिलं आणि कामाला बसले.

मी मायला चुलीपाशी गाठलं आणि सगळं सांगितलं. ती मटकन खाली बसली. बाहेर आबा गिऱ्हाइकाशी बोलता बोलता खोकत होते आणि हसतही होते.

"हे लागत न्हाई ना गं कुणाला?" तिनं विचारलं.

"न्हाई."

तिनं पदरानं डोळे पुसले. "मग आज सांगू नको त्यांना. लय दिसांनी मशीन चालायली."