उतराकाका

चढ आला की काका गाडी थांबवायचे, हँडब्रेक ओढायचे आणि मागे न बघता म्हणायचे, "उतरा." मग आम्ही सगळे उतरायचो. काकू, त्यांची मुलगी वैशाली, शेजारची म्हणून मी, आणि त्या दिवशी गाडीत जो पाहुणा सापडला असेल तो. रिकामी गाडी कण्हत कण्हत चढ चढायची आणि आम्ही तिच्या बाजूनं चालायचो. वर पोचलं की काका आतून दार उघडून देत, जणू काही झालंच नाही. उतारावरही तेच. "उतरा. गाडीला त्रास नको." आमच्या अशोका गार्डन कॉलनीत त्यांचं खरं नाव फक्त लाइटच्या बिलावर उरलं होतं. बाकी सगळ्यांचे ते उतराकाका.

ही शिस्त मूळ त्यांच्या वडिलांची. नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर ते भोपाळला आले आणि मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी इंजिनिअरकडून त्यांनी ही उजव्या स्टिअरिंगची अमेरिकन गाडी घेतली. अमेरिकेत म्हणे तिला छोटी गाडी म्हणत. आमच्या गल्लीत ती वळवायची तर समोरच्यांना फाटक उघडावं लागे. तिचं सहा सिलिंडरचं इंजिन काकांच्या हाती आलं तेव्हाच थकलेलं होतं, पण काकांनी गाडीबरोबर वडिलांचा 'उतरा'सुद्धा वारशात घेतला. गाडीला कोणी नावं ठेवली की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "दमते, पण दगा देत नाही." आम्ही पोरी हे वाक्य त्यांच्याच सुरात म्हणून हसायचो.

काकूही काही कमी नव्हत्या. "माझी वरात याच गाडीतून निघाली," त्या सांगत, "आणि अर्धी चालतच आली." दर गुरुवारी त्यांना अरेरा हिल्सवरच्या देवळात जायचं असे. देवासाठी थोडं आणि वरून दिसणाऱ्या तलावासाठी जास्त, असं माझं मत. टेकडीच्या पायथ्याशी काका "उतरा" म्हणत आणि काकू पदर खोचून गाडीच्या पुढे निघत. कित्येकदा त्या गाडीच्या आधी वर पोचत आणि मग काकांना दिवसभर ऐकवत.

पुढे काकूंना दम लागायला लागला. गॅसकांडाची रात्र पाहिलेल्या आमच्या गावात त्या वयाच्या माणसाच्या फुप्फुसांची चौकशी कोणी फार करत नाही. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. एका गुरुवारी पायथ्याशी काका सवयीनं "उतरा" म्हणाले. काकूंनी दार उघडलं, एक पाय रस्त्यावर ठेवला आणि तशाच बसून राहिल्या. "अहो, तुम्ही जाऊन या," त्या म्हणाल्या. "मी इथूनच नमस्कार करते." काकांनी गाडी घराकडे वळवली.

"ऑटोनं जात जाऊ की," काकूंनी घरी आल्यावर म्हटलं. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. पण काका चिडले. "घरची गाडी असताना तू ऑटोनं जाणार? मग मी कशाला आहे?" त्यांनी त्याच आठवड्यात जबलपूरच्या एका भंगारवाल्याकडून त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन मिळवलं. अख्खी थंडी ते आणि सलीमभाई मेकॅनिक त्या इंजिनाला जागा करत होते. बॅटरी उचलून डिकीत नेली, इंजिन ज्यांवर बसतं ते जुने खुंट कापून नवे वेल्ड केले, रेडिएटर मोठा घातला. तरी बॉनेट बसेना, तेव्हा त्याला वरून भोक पाडलं. इंजिनाच्या वजनानं गाडीचं नाक खाली गेलं, तर पुढच्या स्प्रिंगांखाली पॅकिंग दिलं. "और ब्रेक, काका?" सलीमभाईंनी विचारलं होतं. मी तेव्हा चहा घेऊन गेले होते. "बाबांच्या वेळचे आहेत, एक बार भी धोखा नहीं दिया," काका म्हणाले. सलीमभाईंनी मान डोलावली. मलाही ते पटलं. त्या ब्रेकांनी खरंच कधी दगा दिला नव्हता.

दोघांनी गाडी टेकडीवर नेऊन आणली आणि काका पेढे वाटत आले. पुढच्या गुरुवारी आम्ही पाचजण निघालो. वैशाली आणि तिचा नवरा नागपूरहून मुद्दाम आले होते. काकू पुढे, काकांच्या डाव्या हाताला. पायथ्याशी गाडीचा वेग कमी झाला आणि आमचे हात आपोआप दारांकडे गेले. काका आरशात बघून म्हणाले, "बसा."

गाडी चढली. काय चढली! काकू आधी हसल्या, मग रडल्या, मग काकांना म्हणाल्या, "एवढं येत होतं तर आधी का नाही केलंत?" वर त्या देवापुढे जेमतेम हात जोडून कठड्यापाशी गेल्या आणि बराच वेळ तलावाकडे बघत उभ्या राहिल्या. काका त्यांच्या मागे चपला घेऊन उभे होते. एवढा सुखी माणूस मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

उतरताना अर्ध्या रस्त्यात जळकट वास आला. काकांनी ब्रेक दाबला, परत दाबला. त्यांचा पाय पार खालपर्यंत जात होता. "धरून बसा," ते म्हणाले, अगदी साध्या आवाजात. समोर वळणावर चहाची टपरी होती, माणसं होती. काकांनी गाडी डावीकडे दगडी भिंतीवर घातली. माझा हात मोडला. वैशाली आणि तिचा नवरा खरचटण्यावर निभावले. काकू गेल्या.

त्या ब्रेकांनी जन्मभर रिकामी गाडी उतारावरून खाली आणली होती. भरलेली गाडी, त्यातून हे जड इंजिन, असं ओझं त्यांच्यावर कधी पडलंच नव्हतं. हे आम्हाला सगळ्यांना आधीच कळायला हवं होतं, कारण आम्ही सगळेच त्या उतारावरून वर्षानुवर्षं चालत आलो होतो.

गाडी भंगारात गेली. काका तिच्याबद्दल एकदाच बोलले. मी डबा घेऊन गेले होते, तो तसाच समोर ठेवून म्हणाले, "बेबी, तिला वर कसं न्यायचं एवढंच मी बघितलं. खाली यायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही." मी डबा उघडून त्यांना वाढलं.

मागच्या महिन्यात वैशाली त्यांना कायमचं नागपूरला न्यायला आली. मी माझ्या गाडीतून दोघांना हबीबगंजला सोडायला निघाले. स्टेशनचं नाव बदललं, आमच्या तोंडातलं अजून बदललेलं नाही. ओव्हरब्रिजचा चढ लागला तसे काका म्हणाले, "थांबव."

ते उतरले आणि गाडीच्या खिडकीवर हात ठेवून चालू लागले. मी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या बाजूनं गाडी चालवत होते. मागे हॉर्नचा कल्लोळ. एक मोटरसायकलवाला ओरडून गेला, "अंकल, मरना है क्या?" काकांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. पुलाच्या माथ्यावर मी थांबले आणि आतून दार उघडून दिलं, ते आम्हाला देत तसंच.

"अजून उतार आहे," काका म्हणाले.

वैशाली मागच्या सीटवरून उतरली आणि त्यांच्या शेजारी जाऊन चालू लागली. रिकामी गाडी मी ब्रेकवर पाय ठेवून खाली आणली.