एका घरात दोघी विद्यार्थिनी

कॉलेजच्या खिडकीतल्या गृहस्थांनी माझी कागदपत्रं घेतली आणि मान वर न करता विचारलं, "मुलगी कुठाय? सही तिला स्वतःलाच करावी लागेल."

"ॲडमिशन मुलीचं नाही, माझं आहे," मी म्हणाले.

तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं. "मायक्रोबायॉलॉजीची पदवी. बरीच जुनी दिसतेय. मधली वर्षं काय करत होतात?"

"घर सांभाळत होते. थोड्या शिकवण्या घेतल्या."

"मग तसं स्टॅम्पपेपरवर लिहून आणा. गॅप सर्टिफिकेट लागतं. आमचा विश्वास आहे हो, पण विद्यापीठाचा नाही."

मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात त्यांच्या रक्ताच्या तपासण्यांसाठी कोथरूडमधल्या एका लॅबमध्ये माझ्या सारख्या खेपा व्हायच्या. रिपोर्टमधले आकडे मला कळायचे, आणि काउंटरच्या पलीकडे उभं राहावंसं वाटायचं. एम.एस्सी. करू का, असं एकदा तिथल्याच बाईंना धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, "पदवी आहे ना तुमच्याकडे? मग एम.एस्सी.च्या मागे कशाला लागता? पदवीनंतरचा लॅब टेक्नॉलॉजीचा एक वर्षाचा डिप्लोमा असतो. तो करा, शेवटचे काही महिने हॉस्पिटलात ट्रेनिंग असतं, मग काम मिळतं. वयाचं तिथे विचारून घ्या." मी विचारून घेतलं. वयाची अट नव्हती.

अडचण घरात होती. माझ्या मुलीने बारावीनंतर मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी एक वर्ष राखून ठेवलं होतं, आणि माझा डिप्लोमा नेमका त्याच वर्षात येत होता. जेवताना मी हे सांगितलं. नवरा म्हणाला, "कर की," आणि त्याने मुलीकडे पाहिलं. तिने घास ताटात ठेवला.

"याच वर्षी?"

"पुढच्या वर्षी अजून एक वर्ष वाढेल गं गॅपमध्ये."

"तुझी हौस आहे, आई. माझं आयुष्य आहे." ती उठून आत गेली.

तरी मी ॲडमिशन घेतलं. वर्षभर आमच्या घरात दोघी अभ्यास करत होत्या आणि एकमेकींशी जेवणखाणापुरतं बोलत होत्या. मी रक्तपेशींच्या आकृत्या काढत बसलेली दिसले की ती आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची. माझ्या चाचणीत चांगले मार्क पडले तर मी घरी सांगत नसे. तिच्या चाचणीचं ती सांगत नसे. नवरा दोन्ही दारांबाहेर चहाचे कप ठेवून ऑफिसला जायचा.

ट्रेनिंग सुरू झालं आणि माझी खरी फजिती तिथे झाली. पुस्तकातलं सगळं येत होतं, सुई हातात धरली की हात थरथरायचा. पहिलेच पेशंट म्हणून एक मधुमेहाचे आजोबा बसले. मी दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली, सुई घातली. रक्त आलं नाही. सुई किंचित फिरवली, तरी नाही. आजोबा शांतपणे म्हणाले, "बाई, पाणी लागेपर्यंत खणायचा विचार आहे का?" रांगेतले लोक हसले. लॅबची इनचार्ज माझ्याहून चौदा-पंधरा वर्षांनी लहान होती. तिने माझ्या हातातून सिरिंज काढून घेतली आणि नंतर बाजूला नेऊन सांगितलं, "ताई, थोडे दिवस तुम्ही फक्त बघा." थोडे दिवस म्हणता म्हणता महिना गेला. माझ्याबरोबरची विशीतली मुलंमुली धडाधड रक्त घेत होती आणि मी ट्यूबवर लेबलं चिकटवत होते. पुन्हा हातात सुई आली तेव्हाही तीनांतून एकदा तरी मी चुकायचे. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत बाहेरच्या परीक्षकासमोर रक्त घेऊन दाखवायचं होतं. त्या विचाराने जेवण जात नसे.

अशात मुलीचा निकाल लागला. मार्क मेडिकलला पुरणारे नव्हते. ती रडली नाही. पुस्तकं खोक्यात भरून गच्चीच्या जिन्याखाली ठेवून आली. मी जवळ गेले तर म्हणाली, "तू तुझा अभ्यास कर."

त्यानंतर महिन्याभराने तिला ताप आला. डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणाली तेव्हाच मी तिला तपासणीला नेलं. तपासणीत डेंग्यू निघाला. मी जिथे शिकत होते त्याच हॉस्पिटलात तिला दाखल केलं. रोज सकाळी तिचं रक्त खाली आमच्या लॅबमध्ये येऊ लागलं. पहिल्या दिवशी मी ट्रे घेऊन वर गेले तर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तू नको. दुसऱ्या कोणाला तरी पाठव." शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ट्रे घेऊन परत आले.

प्लेटलेट्स उतरत चालल्या होत्या. एका सकाळी मशीनवर तिचं नाव आलं आणि मी स्क्रीनकडे वळले, तशी इनचार्ज मध्ये आली. "ताई, हे सॅम्पल तुम्ही बघायचं नाही. स्लाइड मी स्वतः तपासते." मी दाराबाहेर उभी राहिले. आत ती सूक्ष्मदर्शकावर वाकलेली काचेतून दिसत होती. मशीनचा आकडा चुकू शकतो हे मला माहीत होतं. तो बहुतेक वेळा चुकत नाही, हेही माहीत होतं. नवरा वरून खाली आला, विचारू लागला, "काय झालं? तुला कळत असेल ना?" मला सगळं कळत होतं आणि काहीच करता येत नव्हतं. इनचार्ज बाहेर आली. "चाळीस हजारांच्या आत आहेत. डॉक्टरांना फोन केलाय. संध्याकाळी पुन्हा बघायला सांगितलंय."

संध्याकाळपर्यंत मुलीच्या दोन्ही हातांवर काळेनिळे डाग पडले होते. एका हातात सलाइन. दुसऱ्या हातावर सिस्टरनी प्रयत्न केला, जमलं नाही. इनचार्ज स्वतः आली, तिलाही शीर सापडेना. मुलगी डोळे मिटून पडली होती. मग म्हणाली, "आईला सांगा."

इनचार्जने माझ्याकडे पाहिलं. "हात थरथरत असेल तर नको, ताई. स्पष्ट सांगा."

थरथरत होता. तरी मी हातमोजे घातले. कोपराजवळ दाबून बघितलं, शीर आहे असं वाटलं, सुई घातली. नाही आलं. मुलीने ओठ चावला पण हात हलवला नाही. मी सुई काढली, कापसाचा बोळा दाबून धरला, आणि मला वाटलं की आता उठावं. कोणी ऊठ म्हणालं असतं तर उठलेच असते. मग मी तिच्या हाताची मागची बाजू बोटांनी चाचपत राहिले. अंगठ्याच्या रेषेत, कातडीखाली, ओल्या दोरीसारखं काहीतरी बोटाखाली सरकलं. बारीक सुई घेतली. नळीत लाल धार आली तेव्हा इनचार्जने ट्यूब पुढे केली आणि एवढंच म्हणाली, "पट्टा सोडा आता."

प्लेटलेट्स कमी असल्या की रक्त लवकर थांबत नाही. मी बोळा दाबून बराच वेळ तिथेच बसून राहिले. बाकीचे गेले.

"तुला दिसली होती शीर?" तिने विचारलं.

"नाही. बोटाला लागली."

"दुसऱ्यांदा घाबरली नाहीस?"

"जास्त घाबरले."

मग ती म्हणाली, "मी परत नाही देणार परीक्षा. बाबांना तू सांग."

माझ्या ओठांवर आलं होतं की एवढ्यात ठरवू नकोस, अजून एक वर्ष बघ. मी ते बोलले नाही. "बरं," म्हणाले, आणि बोळा उचलून बघितला. थांबलं होतं.

आकडा दुसऱ्या दिवशी तिथेच अडला आणि त्यानंतर चढू लागला. ती घरी आली. प्रवेश संपत आले होते, तरी तिला अर्थशास्त्राला एक जागा मिळाली. नवरा आठवडाभर नाराज होता. मी त्याच्याशी वाद घातला नाही, पण तिची पुस्तकं रद्दीत द्यायला तिच्याबरोबर मीच गेले.

माझ्या प्रॅक्टिकलला परीक्षकांनी समोर बसवलेल्या मुलाचं रक्त पहिल्याच सुईत आलं. तोंडी परीक्षेत मात्र सोप्या प्रश्नांना अडखळले. तरी पास झाले. पुढे दोन लॅबनी वय बघून नाही म्हटलं, तिसरी वारज्यातली. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "सकाळी लवकर येऊन घरोघरी जाऊन रक्त घ्याल? बहुतेक पेशंट म्हातारे आहेत. तरुण मुलं टिकत नाहीत." मी हो म्हटलं. अजून तिथेच आहे, आता दुपारी सूक्ष्मदर्शकावरही बसते.

माझा निकाल लागला त्या दिवशी मार्कांचा कागद मी टेबलावर ठेवला आणि कुकर लावायला गेले. मुलगी कॉलेजातून आली, उभ्याउभ्याच तिने तो वाचला.

"तोंडी परीक्षेत कमी पडलेत," ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली. "घरी तर कधी अडत नाहीस बोलायला."

मग तिने विळी पुढे ओढून घेतली आणि भाजी चिरायला बसली.