फरशीवर पडलेली टोपी

गाड्यांना पॉलिश करणाऱ्या त्या माणसाला सगळे 'आरसा' म्हणत. त्याने हात फिरवलेल्या बॉनेटमध्ये गिऱ्हाइकाला आपलं तोंड दिसे. त्याला मात्र दिवसभर स्वतःचंच दिसे: फताडं नाक, ओघळलेले गाल, त्यावर घाम. शी! मेणाचा गोडसर वास नखांत असा मुरला होता की घास तोंडाशी नेताना मळमळे.

दुकान मेव्हण्याचं, बायकोच्या धाकट्या भावाचं. तो याला 'भाऊजी' म्हणायचा, अहोजाहो करायचा आणि त्याच आदराने संडास धुवायला सांगायचा. आरसा धुवायचा. त्याचं स्वतःचं असं एकच उरलं होतं: त्याच्या हातून रंगावर आजवर ओरखडा उठला नव्हता.

त्या दिवशी काळी गाडी आली. काळा रंग चहाडखोर, काही लपवत नाही. आरशाने बफर मशीनच्या गोल गादीवर मेण फासलं, मशीन आधी पत्र्यावर टेकवलं, मगच चालू केलं. जोर न देता, टपापासून खाली. मेण सुकून पांढुरकं झालं. आता गादीवर स्वच्छ लोकरी टोपी चढवून ते पुसायचं. ती चढवतानाच हातातून निसटली आणि फरशीवर पडली. फरशीवर वाळू होती, ऑईल होतं, मेव्हण्याची थुंकी होती. दुसरी टोपी तारेवर ओली.

"झटका आणि लावा, भाऊजी," मेव्हणा दात कोरत म्हणाला. "गिऱ्हाईक निघालंय."

"एक कण राहिला तरी वाट लागेल. दुसरी सुकू दे."

"अहो, पुसायचं फडकं ते, बाळाचं दुपटं नव्हे! ताईला सांगू का, तुमच्यानं काम होत नाही म्हणून?"

ताईचं नाव निघालं की आरसा मऊ पडे. त्याने टोपी झटकली. लावली. दारावरून मशीन फिरलं आणि मागे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे उमटले. त्याने मशीन बंद केलं.

"त्यावर मेणाचा जाड थर द्या," मेव्हणा म्हणाला, "आणि सावलीत उभी करा."

थर त्याने दिला. मग किल्ली घेतली आणि गाडी भर उन्हात आणून लावली. गिऱ्हाईक आलं तसं आरशाने दारावर बोट ठेवलं.

"इथे बघा. माझ्या हातून ओरखडे पडलेत. मेण उतरलं की उघडे पडतील. उद्या आणा, काढून देतो."

गिऱ्हाईक वाकलं. दारात बघून त्याने केस नीट केले.

"कुठे काय? मस्त चमकतेय की!"

आणि गेलं.

मेव्हणा हसून हसून वाकडा झाला. आरशाला शिसारी आली: त्या केसांची, त्या हसण्याची, सगळ्यांत जास्त टोपी झटकणाऱ्या आपल्या हाताची. आत जाऊन त्याने कात्री घेतली आणि टोपी मधोमध कापली.

"अहो, नवी होती ती! ताईला सांगेन हं!"

"सांग," तो म्हणाला, आणि अर्ध्याचेही दोन तुकडे केले.


मग हात धुतले. वास गेला नाही.