कोरडे जाळे

ती घटना मनातून अजून गेलेली नाही. नोकरीत खून पाहिले, जाळपोळ पाहिली, एटापल्लीच्या जंगलात सहकारी गमावले. तरी कोणी जुनी आठवण विचारली की डोळ्यांसमोर येतो तो सावली तालुक्यातला एक तलाव आणि त्यात बुडालेला एक माणूस. आमच्या दप्तरी तो साधा मर्ग होता, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद. नावे देत नाही. त्यातले बहुतेक लोक अजून त्याच गावात राहतात.

मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा ठाणेदार होतो. गाव धानपट्ट्यातले, वैनगंगेपासून जवळ. मालगुजारीच्या काळातला मोठा तलाव, त्याच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, देवीचे देऊळ. निम्मे गाव त्या तलावातल्या मासोळीवर जगणारे. गावाला ग्रामपंचायत होती, पण कारभार देवस्थान मंडळाचा होता. सरपंच कोणी व्हायचे, तंटा कसा मिटवायचा, कोणाच्या घरी जेवायला जायचे नाही, हे देवळाच्या सभामंडपात ठरत असे. मंडळाचे प्रमुख महाराज जे बोलतील ते देवीचे बोलणे. निवडणूक वर्षानुवर्षे बिनविरोध होई आणि तालुक्याच्या बैठकांत या गावाचे कौतुक होई. पोलिसांनाही हे गाव सोयीचे होते. तिथून तक्रारच येत नसे.

त्या वर्षी महाराजांनी जाहीर केले की तलाव हे तीर्थ आहे, पुढच्या हंगामापासून त्यात जाळे पडणार नाही. सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव होते. मंडळाने आपली उमेदवार दिली आणि गावात पहिल्यांदाच तिच्याविरुद्ध अर्ज आला. अर्ज भरणारी एका मासेमाराची बायको होती. तिचा जाहीरनामा एका वाक्याचा होता: तलाव आमचा राहील. मासेमारांची घरे पाहता ती सहज निवडून येईल असा आमचा गोपनीय अहवालही होता.

ती हरली, आणि थोडक्यात नाही.

मोजणी केंद्राबाहेर गोंधळ झाला. मतयंत्रात फेरफार झाला, असे लोक म्हणू लागले. दुसऱ्या दिवसापासून तहसील कार्यालयासमोर धरणे बसले. बायका शिदोरी बांधून येत. घोषणा देण्यात सर्वांत मोठा आवाज उमेदवाराच्या दिराचा होता. 'मत आमचं, राज कोणाचं?' असे तो विचारी आणि सारा जमाव उत्तर देई. एक म्हातारी रोज आमच्या शिपायाला म्हणे, "पोलीसदादा, तू बी बस ना खाली. तुह्यं सरकार उभं राहून राहून थकून जाईन." धरण्यात राग होता, पण हाणामारी नव्हती. निवडणूक अधिकाऱ्यांनी यंत्रे पुन्हा तपासून दाखवली. कोणाचे समाधान झाले नाही.

एका संध्याकाळी ठाण्याच्या फोनवर निनावी खबर आली. "तलावात मुडदा आहे. मंडळाच्या लोकायनं मारून फेकला. दाबून नका टाकजा." बोलणाऱ्याने फोन ठेवून दिला. मी जमादाराला घेऊन पोहोचलो तेव्हा प्रेत पाळीवर आणलेले होते. तो उमेदवाराचा नवरा होता. प्रेत पाण्यातून काढले ते त्याच्या धाकट्या भावाने, म्हणजे घोषणा देणाऱ्या त्याच दिराने. तो छातीपर्यंत ओला होता आणि कोणाकडे पाहत नव्हता.

निवडणुकीचा वाद, हरलेल्या उमेदवाराचा नवरा, निनावी फोन. अशा वेळी ठाणेदाराने खून गृहीत धरूनच तपास करायचा असतो. मर्ग दाखल केला, जागेचा पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवले. अहवाल स्पष्ट होता: मृत्यू बुडून, अंगावर मारहाणीची खूण नाही, पायाला वेल आणि जाळे गुंडाळलेले. मंडळाचे सगळे पदाधिकारी त्या दुपारी एका लग्नात होते. पन्नास लोकांनी पाहिले होते.

ती स्वतः तिसऱ्या दिवशी ठाण्यात आली. रडत नव्हती. समोरची खुर्ची दिली तरी बसली नाही.

"साहेब, खून झाला काय?"

"तसं दिसत नाही, बाई."

"मंग तुमी कागदावर लिहून द्या, का त्याले देवीनं नाई नेलं."

मला कळले नाही. मी तसे म्हणालो. तेव्हा ती खाली फरशीवर बसली आणि जे गावात सर्वांना माहीत होते आणि आम्हाला नव्हते, ते तिने सांगितले.

मतदानाच्या आधी महाराजांनी प्रत्येक मासेमार घराला आपापले जाळे घेऊन देवळात बोलावले होते. जाळ्याला कुंकू लावून ते देवीपुढे ठेवायचे आणि सबद, म्हणजे शपथेचा शब्द, द्यायचा, की मत मंडळाला देईन. सबद पुरा होईपर्यंत ते जाळे पाण्याला लावायचे नाही. पुरा झाला की जाळे सुटले. सबद मोडून जो पाण्यात उतरेल, त्याच्या घरातल्या माणसाचा पाणी जीव घेईल. ही रीत जुनी होती. चोरी, सीमेचा वाद, नवराबायकोचा बखेडा, अशा गोष्टींसाठी ती वापरत. मतासाठी पहिल्यांदाच वापरली.

"तुमच्या नवऱ्यानंही ठेवलं जाळं?"

"मीच पाठवलं त्याले. तो नाई म्हणे. बायकोच्या इरोधात सबद कसा देऊ म्हणे. मी म्हटलं, जा बाप्पा, ठेव जाळं, नाई तं आपल्याले आजच वाळीत टाकतीन. वोट कोण पाह्यते? आता सगळे म्हणून राह्यले, देवीनं पाह्यलं."

मी पाळीवरचा पंचनामा आठवला. बांबूंवर जाळी वाळत होती. बहुतेक ओली, खवले चिकटलेली. चार-सहा घरांसमोर मात्र जाळे घडी घालून ठेवलेले, कुंकू तसेच. मला तेव्हा वाटले होते की धरण्यामुळे कामात खंड पडला असेल. आता तिला विचारले, तर तिने नाही म्हणून मान हलवली. ज्यांची जाळी पाण्यात गेली, त्यांनी सबद पाळला होता. मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी कोण कोणाकडून होता हे पाळीवर टांगलेले होते. मतयंत्रात काहीही झालेले नव्हते. मासेमारांनी स्वतःच आपला तलाव घालवला होता, प्रत्येकाने एकट्याने, दुसरे तिला मत देतील या भरवशावर. आणि मग तेच लोक धरण्यावर येऊन बसले.

"हे तुम्हाला माहीत होतं? तरी त्यांच्यासोबत बसलात?"

"ते बी मले पाहून राह्यले होते, मी बी त्यायले पाहून राह्यली होती. पण बसले तं होते ना संग."

दैवी कोपाची भीती घालून मत वळवणे हा कायद्याने निवडणुकीतला गुन्हा आहे. तो अदखलपात्र असल्याने न्यायालयाची परवानगी घेऊनच तपास करता येतो. तसा अर्ज केला आणि महाराजांना भेटायला गेलो. त्यांनी ताक मागवले. शांतपणे म्हणाले, "साहेब, वर्दी घालताना तुम्हीही शपथ घेतली असेल. ती कायद्याची, आणि देवीपुढे घेतली तर गुन्ह्याची?"

"शपथ मोडली तर पाणी माणूस घेईल, असं सांगितलंत का?"

"मी कशाला सांगू? ते त्यांच्या आज्यापणज्यांनी सांगितलंय." मग पाण्याकडे पाहून म्हणाले, "आणि घेतलाच ना."

त्या वाक्याचा पुरावा करता आला असता, तर मी तो आनंदाने केला असता.

एक गोष्ट जुळत नव्हती. सबद मोडल्यापासून त्या माणसाने जाळे पाण्याला लावले नव्हते. मग त्याच दुपारी का उतरला? आणि एकटा का? डोंग्यातून जाळे सोडायला दोघे लागतात. एक वल्हवतो, दुसरा सोडत जातो. एकटा माणूस उभा राहून जाळे सोडू लागला की लाकडाचा डोंगा कलतो. हे त्या गावात सहा वर्षांच्या पोरालाही कळते.

धरण्यावर आम्ही रोज चित्रीकरण करत होतो. नियमच आहे. त्या दिवसाचे चित्रीकरण मी जमादारासोबत बसून पाहिले. सकाळी दीर पुढच्या रांगेत घोषणा देताना दिसतो. दुपारनंतर घोषणा दुसराच कोणी देत आहे. जबाबात मात्र त्याने लिहून दिले होते की शेवटच्या गाडीने परतलो आणि भाऊ घरी नाही म्हणून तलावावर गेलो.

त्याला बोलावले. मारझोड करणारे अधिकारी मी पाहिले आहेत. त्यांना जबाब लवकर मिळतात आणि बहुतेक खोटे मिळतात. मी त्याला बसवले, जेवला का विचारले, आणि चित्रीकरण दाखवले. तो आपल्याच घोषणा ऐकत राहिला. मग म्हणाला, "बंद करा साहेब ते."

"दुपारी कुठं होतास?"

"दादानं बोलावलं होतं. फोन केला. म्हणे, गाव तिकडं आहे तवरक ये." तो बोटे मोडत होता. "म्हणे, चाल डोंग्यात. मी म्हटलं, तुह्यं जाळं सुटलं नाई. म्हणे, म्हणूनच तं जाऊन राह्यलो. सांजेला सगळे परत येतीन, तवा मासोळ्या घेऊन पाळीवर उभा राह्यतो. मंग पाहू कोण भेते."

"तू काय केलंस?"

"मी पाळीवर बसलो."

"तुझं जाळं तर सुटलेलं होतं."

"माह्यं सुटलं होतं. त्याचं नाई. त्याच्या डोंग्यात बसलो असतो तं मी बी त्याच्यातलाच झालो असतो."

"बुडताना पाहिलंस?"

"डोंगा पलटला. शिंगाड्याच्या वेलीत पाय गुतला असन. मले आवाज देल्ला त्यानं. दोनदा."

"पोहता येतं तुला?"

"मासेवाल्याच्या पोराले हे इचारता का, साहेब?" मग हळू म्हणाला, "मले वाटलं, देवी नेऊन राह्यली. तिच्या हातातून कसं सोडवू? मंग घेतली उडी. पण तवरक पाणी शांत झालं होतं."

भाऊ हाती लागला नाही तेव्हा निनावी फोन त्यानेच केला होता. भावाचा खून झाला असता तर त्याला सोपे गेले असते.

बुडणाऱ्या भावाला वाचवायला उशिरा उडी घेणे हा गुन्हा नाही. त्याचा खरा जबाब नोंदवला, सही घेतली. मर्गाचा अंतिम अहवाल लिहिला: अपघाताने बुडून मृत्यू, डोंग्यात जोडीदार नसल्याने तोल जाऊन. इतके कारण लिहायची गरज नसते. मी लिहिले. तिला बोलावून वाचून दाखवायचे ठरवले. दीर म्हणाला, "मी सांगतो, तुमी नका सांगू." म्हणून दोघांना माझ्या खोलीत बसवले.

त्याने भिंतीकडे पाहत सांगितले. फोनपासून आवाजापर्यंत सगळे. संपल्यावर तो म्हणाला, "वहिनी, मत बी तुले नाई देल्लं मी."

"ते मले पहिल्याच दिवशी मालूम होतं. तुह्यं जाळं वाळत होतं ना." ती उठली, पदर सारखा केला. "मत नाई देल्लं तं नाई देल्लं. डोंग्यात तं बसाचं होतं, भाऊजी."

तिने अहवालाची प्रत घेतली आणि गेली. तो तिथेच बसून राहिला. संध्याकाळी जमादाराने त्याला गावाकडच्या गाडीत बसवून दिले.

त्या प्रतीचा तिला उपयोग झाला नाही. कागदावर काय लिहिले आहे यापेक्षा पाण्याने काय केले, यावर गावाचा विश्वास बसला होता. प्रेत निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी धरण्यावर ती एकटीच आली होती आणि घोषणा द्यायला कोणी नव्हते. न्यायालयाची परवानगी मिळाली, पण देवळातल्या सबदाबद्दल एकही साक्षीदार उभा राहिला नाही. साक्ष देणे म्हणजे आपले मत कोणाला गेले तेही सांगणे. निवडणूक याचिका पुराव्याअभावी फेटाळली गेली. निकाल कायम राहिला आणि पुढच्या हंगामात ठराव होऊन तलाव बंद झाला. ती मुलांना घेऊन सिरोंच्याकडे माहेरी गेली. तिथे गोदावरी आहे. भाऊ तिला डोंग्यात घेतात, असे नंतर कळले.

त्यानंतर मी बंदोबस्ताची आखणी बदलली. मतदान केंद्रावर शिपाई नेमण्याआधी गावात जाऊन देवळापुढे, समाजमंदिरापुढे बसू लागलो, कोण काय घेऊन येतो ते पाहू लागलो. पुठ्ठ्याच्या आडोशामागे मतदार एकटा असतो, असे आपण धरून चालतो. त्या गावात तो एकटा नव्हता. भीती घालणारा एकच होता आणि त्याला मी ओळखत होतो. ती भीती एकमेकांसाठी जपणारे शंभर होते, सगळे चांगले लोक होते, आणि त्यांच्यावर लावायला माझ्याकडे कलम नव्हते. हवे होते असेही वाटत नाही.

एवढे मात्र खरे की त्या दुपारी दोघे डोंग्यात बसले असते आणि सांजेला दोघे मासोळ्या घेऊन पाळीवर उभे राहिले असते, तर त्या निवडणुकीचा निकाल तोच राहिला असता. पुढच्या निवडणुकीचा राहिला नसता.