मागून आलेला आकडा

दरड कोसळून आहुप्याचा रस्ता बंद झाला, तेव्हा माझा भरवसा फक्त माझ्या यादीवर होता. गावातलं माझं किराणा दुकान रिकामं होत आलं होतं. माल कोकणातून घाटवाटेने, डोक्यावरून आणायचा होता. त्यासाठी चार ओझेकरी ठरवले, त्यांची नावं यादीत लिहिली. हिरडा खाली न्यायचा, तांदूळ-मीठ वर आणायचं, यावरच त्यांचं पोट. पाचवी मी, औषधांचा डबा डोक्यावरच्या कापडी चुंबळीवर घेऊन सगळ्यांत मागे, म्हणजे सगळ्यांवर लक्ष राहील. घरी देवापुढे दिवा लावत असे, पण तेही दिवसभरातल्या कामांपैकी एक म्हणूनच.

डोईवर ओझं असलं की मान वळवता येत नाही. म्हणून धुक्यात सगळ्यांत पुढचा नामदेव ‘एक’ म्हणतो आणि आकडा मागे मागे येतो. त्या दुपारी माल घेऊन वर येताना अर्ध्या घाटात धुकं इतकं दाटलं की पुढच्याची टाचही दिसेना. धुक्यात आवाजाची दिशा फसवते, हे मला ठाऊक नव्हतं. मी आवाजाच्या रोखाने चालत राहिले. पायाखाली दगडांऐवजी ओलं गवत लागलं, तरी वाटलं, वाट वळली असेल. चार आकडे आले. मी ‘पाच’ म्हटलं.

माझ्या मागून कोणीतरी म्हणालं, “सहा.”

शांतपणे, पण ओझ्याखालच्या माणसाला लागते तशी धाप होती. मला आधी भीती नाही, राग आला. सहावं माणूस मी लिहिलंच नव्हतं. कोण ते बघायला डबा खाली ठेवून वळले. कोणी नव्हतं. माझ्या पावलांनी आडवं झालेलं गवत तेवढं दिसत होतं. डबा उचलायला वाकले, तेव्हा धुकं जरा विरळ झालं. डब्यापुढे वीतभर जमीन होती. त्यापुढे, खूप खाली, झाडांचे शेंडे.

आडव्या गवतावरून मागे येत मी वाट गाठली. वर पोचल्यावर सगळं सांगितलं. नामदेव चुंबळीने तोंड पुसत म्हणाला, “कधीमधी एक आकडा जास्तीचा येतोय, ताई. कोन ते आमी इचारत न्हाई. तुमी आता त्याचं बी नाव लिवून घ्याल.” बाकीचे हसले. तो हसला नाही.

मागे राहून मी सगळ्यांना सांभाळते, असा माझा समज होता. माझ्याही मागे कोणी असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. अजूनही त्या वाटेने मी शेवटचीच चालते. ‘पाच’ म्हटल्यावर क्षणभर कान देते. बहुतेकदा काहीच येत नाही, आणि तरी वळून पाहावंसं वाटत नाही. हात डब्याला असतात, म्हणून नमस्कार मनातच करते.