बीकनची खोळ

उघडी वस्तू दिसली की माझा हात शिवणाच्या मशीनकडे जातो. मिक्सरला खोळ, टोस्टरला खोळ, टीव्हीच्या रिमोटला खोळ. अमेरिकेत कॅरीला राहायला आलो तेव्हा मी सामानात शिवणाचं मशीन आणलं म्हणून नवरा अजून चिडवतो, पण त्याच्या चष्म्याच्या घरालाही मी शिवलेली खोळ आहे आणि ती त्याला बरी चालते. तेव्हा मी मुलीच्या बीकनला खोळ शिवली यात आमच्या ओळखीत कुणाला नवल वाटायचं कारण नाही.

बीकन म्हणजे काय हे मलाही दोन वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. मुलगी कोलोरॅडोत नोकरी करते. तिथे लिफ्टने वर जाऊन स्कीवर खाली घसरत यायची सोय जागोजागी आहे, पण आमच्या बाईसाहेबांना ती नको. त्यांना जिथे लिफ्ट नाही, रस्ता नाही, माणूस नाही, तिथे पाठीला फावडं बांधून पायी चढायचं असतं. अशा डोंगरात कधी कधी उतारावरचा अख्खा बर्फ सुटतो आणि खाली असलेला माणूस त्यात गाडला जातो. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर साबणाच्या वडीहून थोडं मोठं एक यंत्र असतं. ते सतत सिग्नल पाठवत राहतं. कुणी गाडलं गेलं तर बाकीचे आपापली यंत्रं शोधायच्या मोडवर टाकतात, मग पडद्यावर बाण दिसतो आणि आकडा दिसतो. या दिशेला, इतके मीटर. शेवटी लांब काठी खुपसून पाहायचं आणि फावड्याने उकरायचं.

हे सगळं तिने मला धीर यावा म्हणून सांगितलं होतं. मला त्यातलं फक्त ‘उकरायचं’ ऐकू आलं.

तेव्हापासून दर शुक्रवारी आमचं फोनवर भांडण ठरलेलं. मी म्हणायची, जाऊ नकोस. ती म्हणायची, “आई, प्लीज, नॉट अगेन.” मी हवामान सांगायची, तिने ते माझ्याआधी पाहिलेलं असायचं. मी रडले, अबोला धरला, एकदा तर ब्लडप्रेशर वाढल्याचं खोटंही सांगितलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी शेवटी ती शुक्रवारी फोन उचलेना, आणि शनिवारी ती कुठे आहे हेही मला कळेना. तेव्हा मात्र मी घाबरले. डोंगराला तर मी घाबरत होतेच, पण मुलगी मला काही सांगेनाशी झाली याची भीती त्याहून मोठी निघाली.

म्हणून या फेब्रुवारीत आठवडाभर तिच्याकडे जायचं ठरवलं आणि जाताना खोळ शिवून नेली. यंत्राची लांबी-रुंदी तिला न विचारता वेबसाइटवरून काढली. माझ्या एका जुन्या, मऊ झालेल्या सुती साडीचे थर घेऊन गोधडीसारखे बारीक टाके घातले. आता बटण कसलं लावायचं? काजाचं बटण हातमोजे घालून निघणार नाही. टिचबटण थंडीत अडकेल. मी फार्मा कंपनीत क्वालिटीला आहे, दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच पगार घेते, त्यामुळे असा विचार मी बारकाईने करते. जुन्या पर्सची चुंबकाची बटणं चांगली ताकदवान होती. ती काढली, आणि धातू दिसायला वाईट दिसतो म्हणून कापडाच्या दोन थरांत शिवून टाकली. बाहेरून कळतसुद्धा नव्हतं. खोळीच्या तोंडाची पट्टी जवळ नेली की आपोआप मिटायची. मी स्वतःवर फार खूश होते.

मुलीने खोळ उलटसुलट करून पाहिली, टाक्यांवरून बोट फिरवलं.

“आई, तू हे माझ्यासाठी शिवलंस?”

“नाही, शेजारणीसाठी.”

तिने मला मिठी मारली. डोंगरासाठी मी तिला दिलेली ती पहिलीच वस्तू होती, आणि देताना मी ‘जाऊ नकोस’ म्हटलं नव्हतं. बीकनवर वेगळं काही चढवत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. माझं मन मोडू नये म्हणून तिने ते गिळलं. हे तिने मला नंतर सांगितलं.

शनिवारी ती आणि तिची एक मैत्रीण जाणार होत्या. मैत्रीण तिच्याच ऑफिसातली, डोंगरात तिच्याहून जुनी. मुलगी म्हणाली, “तू पण चल. पार्किंगपर्यंत. तिथलं सगळं फ्लॅट आहे, सेफ आहे. बघ तरी आम्ही काय करतो.”

सकाळी तिने तिचं जुनं बीकन माझ्या हातात दिलं. मी ते जाकिटावरून पर्ससारखं खांद्याला अडकवलं.

“आई! वरून नाही. जाकीट काढ.”

“मग दिसणार कसं?”

“दिसायचं नसतंच. वरचं जाकीट, बॅग, सगळं बर्फात ओढलं जाऊन निघून जाऊ शकतं. हे अंगाला राहायला पाहिजे.” तिने स्वेटरवरून पट्टे आवळले, एक खांद्यावरून, एक कमरेभोवती. यंत्राचा पडदा आतल्या बाजूला वळवला, बटण चालू केलं आणि वरून जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. “आता घरी परत येईपर्यंत हे ऑफ करायचं नाही. बॅटरी वाचवायला पण नाही. तुला ओळखते मी.”

शाळेत जाताना मी तिच्या चेनी अशाच ओढायची. ती मान वर करून उभी राहायची. आता मी मान वर करून उभी होते.

“हे मी स्वतःसाठी घालत नाही, माहितीये?” ती म्हणाली. “मी गाडली गेले तर माझं बीकन मला काहीच मदत करत नाही. ते तिला मदत करतं. मला शोधायला.”

मग तिने स्वतःचं बीकन माझ्या खोळीत घातलं, पट्टी मिटवली आणि खोळीसकट छातीवरच्या पट्ट्यांत बसवलं.

पार्किंग म्हणजे पाइनच्या झाडांच्या कडेला बर्फ सारून केलेली मोकळी जागा. निघण्याआधी त्यांच्यात एक रीत असते. एकजण पुढे जाऊन आपलं यंत्र शोधायच्या मोडवर धरून उभी राहते आणि बाकीचे एकेक करून तिच्या समोरून जातात. प्रत्येकाचा सिग्नल ऐकू आल्याशिवाय कुणी पुढे सरकत नाही. मैत्रीण वीसेक पावलांवर जाऊन उभी राहिली. आधी मी गेले. बीप, बीप, बीप. तिने अंगठा वर केला. उगीचच परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

मग मुलगी निघाली. काही वाजलं नाही. मग एकदा वाजलं, थांबलं. मैत्रिणीच्या कपाळाला आठी पडली.

“फोन कुठे आहे तुझा?” तिने इंग्रजीत विचारलं. जवळ फोन असला तरी सिग्नल बिघडतो म्हणे.

“पँटच्या खिशात.”

“गरम होणारे ग्लोव्हज? मॅग्नेट?”

“नो, नथिंग.” मुलीने फोन तरीही काढून पाठीवरच्या बॅगेत टाकला, छातीवरचे पट्टे जरा सरकवले आणि पुन्हा चालत आली. या वेळी वाजलं. मैत्रीण म्हणाली, फोनच असणार. दोघींनी स्कीचे पट्टे आवळायला घेतले.

मॅग्नेट हा शब्द ऐकला तिथेच मला पर्सची ती बटणं आठवली होती. पट्टे सरकवले तेव्हा खोळ थोडी वाकडी झाली असेल, म्हणून वाजलं, एवढंच. वर गेल्यावर ती पुन्हा सरळ होणार. चुंबक माझ्या हातच्या टाक्यांत होतं, सहज निघणारं नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर मी गप्प राहिले. अर्धं मिनिट असेल, पण राहिले. दोन वर्षं मी हिला प्रत्येक पावलावर अडवलं होतं. आत्ता कुठे ती मला सोबत घेऊन आली होती. आता तोंड उघडलं की ती म्हणणार, झालं हिचं सुरू. शिवाय मैत्रिणीसमोर काय सांगू? की सिग्नल मीच दाबला, साडीच्या कापडात गुंडाळून?

मुलीने बॅग पाठीवर घेतली.

“थांब!” मी ओरडले. दोघी दचकल्या.

“आई, प्लीज. नॉट नाऊ.”

“जाऊ नकोस म्हणत नाहीये मी. खोळीत चुंबक आहे. आत शिवलंय. दोन आहेत. काढ ते आधी.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने जाकिटाची चेन उघडली, खोळ काढली आणि पट्टीवर अंगठा दाबून पाहिला. मैत्रिणीला तिने दोन शब्दांत सांगितलं. मला वाटलं आता दोघी हसतील, नाहीतर चिडतील. मैत्रिणीने बॅग खाली ठेवली आणि गंभीरपणे म्हणाली, “थँक यू फॉर स्पीकिंग अप.” बीकनच्या आतला मोड बदलणारा खटकाही चुंबकावर चालतो, बाहेरच्या चुंबकाने यंत्र आपोआप बंदही पडू शकतं, असं ती पुढे म्हणाली. त्यावर मला बर्फावरच खाली बसावं लागलं.

मुलगी माझ्यासमोर उकिडवी बसली. “आई, मला वाटलं तू परत अडवणार.”

“मला माहितीये तुला काय वाटलं.”

“मी तुला खोळ नको म्हणायला हवं होतं. मी पण चुकले.” तिने हातमोज्यानेच माझे डोळे पुसले, सगळं तोंड ओलं करून टाकलं. “ऊठ. आता तू चेक कर मला.”

तिने माझं बीकन जाकिटातून काढून शोधायच्या मोडवर टाकलं आणि माझ्या हातात दिलं. पार्किंगच्या टोकाला जाऊन ती माझ्याकडे चालत येऊ लागली. बावीस. पंधरा. नऊ. चार. मधे एकदाही खंड पडला नाही. माझ्या अगदी पुढ्यात येऊन ती थांबली, आणि मी, दोन वर्षांत पहिल्यांदा, “जा” म्हणाले.

त्या दोघी झाडांत शिरल्या. आकडा वाढत चाळीसच्या वर गेला, मग तिथे नुसत्या रेघा उरल्या.

गाडीत बसून मी थर्मासमधला चहा प्यायले आणि खोळ उसवत बसले. अति तिथे माती, ही म्हण मी आयुष्यभर इतरांना ऐकवत आले. टाके इतके बारीक होते की पर्समधल्या कात्रीचं टोक जाईना. एकेक दोरा ओढत दोन्ही चुंबकं काढली. खोळ थर्मासला बसते का पाहिलं. बसली.

परत यायची वेळ त्यांनी दोनची दिली होती. दीडपासूनच मी बाहेर, बीकन हातात धरून झाडांच्या कडेने येरझारा घालत होते. पडद्यावर रेघा. पाय बधिर झाले. दोन वाजले. रेघा. दोन वाजून दहा मिनिटं. मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.

मग बीप झालं.

त्रेचाळीस. पडद्याच्या कोपऱ्यात माणसांची दोन चित्रं उमटली. एक तिची मैत्रीण, एक माझी मुलगी. अडतीस. एकतीस. समोर अजून नुसती झाडं होती, कुणी दिसत नव्हतं. मी जागची हलले नाही, ओरडले नाही, बाणाकडे तोंड करून आकडे मोठ्याने वाचत राहिले. ती दिसायच्या आधीच ती येतेय हे मला कळलं होतं, आणि आमच्या दोघींच्या मधे आता माझं शिवलेलं काही नव्हतं.